टेकडी वॉर्डाची यादी

२ मार्च १९८७, सोमवार

आजपासून रोजनिशी. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहीन.

टेकडी वॉर्डाच्या नागरिक समितीचा सचिव म्हणून आज माझी निवड झाली. एकमतानं. सभेला नऊ जण होते आणि त्यातले दोघं उठून चालले होते, तरी एकमत ते एकमत. अध्यक्ष रघुनाथराव, संत्र्याचे व्यापारी. वॉर्डाच्या तोंडाशीच त्यांचं गोडाऊन. ते म्हणाले, खोडे मास्तरचं अक्षर चांगलं हाय, त्यांनाच करा सचिव. अक्षराचं निमित्त. खरं कारण दूरदृष्टी. वीस वर्षं या पांढुर्ण्यात चित्रकला शिकवून राहिलो, लोकांनी कधीतरी ओळखायचंच होतं.

काम असं की टेकडीवरची वस्ती वाढली. तिगावहून, बोरगावहून, पार रामाकोन्याहून लोक आले आणि घरं बांधून बसले. पाच वर्षांत चाळीस घरांची दोनशे झाली. आता सौसरच्या सरकारी ऑफिसातल्या साहेबांनी कळवलं आहे की वॉर्डानं कामांची यादी द्यावी, महत्त्वाच्या क्रमानं. यंदा पहिली तीनच कामं होतील. बाकीची पुढं कधीतरी.

म्हणजे या वॉर्डाचं भवितव्य माझ्या हातात.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून सर्वे. दोनशेही घरं. कोणाकडे चहा घ्यायचा नाही.

नलिनीला सांगितलं. बायको म्हणून अभिमान वाटेल अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, बरं झालं, विहिरीचं पाणी खाली गेलं आहे, तेवढं पहिल्या नंबरवर घाला. घरातूनच दबाव सुरू.

३ मार्च

उठलो साडेसातला. पहाटे सर्वे करण्यात तसाही अर्थ नाही. लोक झोपलेले असतात.

५ मार्च, गुरुवार

सर्वे सुरू. पहिलं घर अंबाबाईचं, शेजारीच म्हणून. बाई संत्र्याच्या तोडणीवर जाते, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. विचारलं, आपल्या वॉर्डाची पहिली प्राथमिकता कोणती? म्हणाली, ते काय असते जी? समजावून सांगायला वीस मिनिटं लागली. समजल्यावर म्हणाली, पाणी. म्हटलं, ठीक, आणि दुसरी? पाणी. तिसरी? मास्तर, तुमाले ऐकू नाई येत काय?

चहा घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

दुसरं घर, पाणी. तिसरं, पाणी आणि नाली. चौथं, पाणी. पाचव्या घरची म्हातारी माझ्या हातातली वही पाहून टँकरवालाच समजली आणि भांडायला उठली. सहाव्या घरी सर्वे थांबवला. दोनशे घरांचं उत्तर एकच येणार असेल तर चप्पल कशाला झिजवायची? आणि सगळे एकच उत्तर देतात, याचा अर्थ उघड आहे. एकमेकांचं ऐकून बोलून राहिले. स्वतंत्र विचार म्हणून नाही.

८ मार्च, रविवार

समितीची बैठक गोडाऊनमध्ये. संत्र्याच्या पेट्यांवर बसून. मी प्रास्ताविक केलं, चाळीस मिनिटं. शहर म्हणजे काय, नगर म्हणजे काय, माणूस आणि परिसर. केशवराव, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, झोपले. जाग आल्यावर म्हणाले, बोरिंग घ्या एक, हापशी बसवा, सुटा.

बोरिंग! जमिनीत एक भोक आणि त्यावर एक दांडा. याला हे लोक विकास म्हणतात.

१२ मार्च, गुरुवार. नागपूर

नलिनीच्या मावसभावाचं लग्न. लग्न जेमतेम. पण रिक्षातून जाताना एका नव्या कॉलनीची स्वागत-कमान दिसली आणि मी रिक्षा थांबवायला लावली. दोन खांब, वर अर्धगोल, त्यावर ठळक अक्षरांत कॉलनीचं नाव. खाली माणसं येऊन-जाऊन राहिली आणि प्रत्येकाच्या चालण्यात एक डौल.

हेच. आपल्या वॉर्डाला काय कमी आहे? पाणी नाही, तोंड कमी आहे. साहेब सौसरहून येईल, त्याला कळणार कसं टेकडी वॉर्ड कुठं सुरू झाला? आधी ओळख, मग सोयी. इतकी साधी गोष्ट दोनशे घरांतल्या एकालाही सुचली नाही.

नलिनीला दाखवली. ती म्हणाली, खालून पाण्याची गाडी चालली आहे बघा, दोन पाइप किती मोठे आहेत. तिला कमान दिसलीच नाही.

१५ मार्च, रविवार

होळी-रंगाचा गोंधळ बाहेर. मी दार लावून यादी आणि नकाशा पूर्ण केला. बारा कामं. पहिलं, स्वागत-कमान. दुसरं, चौकात गोल बगीचा आणि सिमेंटचे बाक. तिसरं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर. मग वाचनालय, सूचनाफलक वगैरे. पाणी नवव्या नंबरवर. टाळलं असं कोणी म्हणू शकणार नाही. आहे.

नकाशा फार सुंदर झाला. कमान सोनेरी, बगीचा हिरवा, गुलमोहर लाल. निळा रंग संपला होता, म्हणून विहीर पेन्सिलीनं दाखवली.

१६ मार्च

रघुनाथरावांना पटवलं. सुरुवातीला त्यांचं लक्ष नव्हतं. पण कमान नेमकी त्यांच्या गोडाऊनच्या वळणावर येते आणि तिला कोणाचंतरी नाव लागेलच, त्यांच्या वडिलांचं लागलं तरी माझी हरकत नाही, असं म्हटल्यावर त्यांना एकदम शहर-नियोजन समजलं. शिकवलं तर माणूस शिकतो.

ते यादीला हो म्हणाले म्हणजे समिती हो म्हणाली. केशवराव झोपले होते.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी नलिनी विहिरीवर पडली.

पाणी इतकं खाली गेलं आहे की दोराला दोर बांधून बादली सोडावी लागते. काठाचा दगड ओला, पाय घसरला, उजव्या हातावर पडली. अंबाबाईनं धरून घरी आणलं. मी तेव्हा कमानीच्या चित्रावर अक्षरं काढून राहिलो होतो. शाई ओली असताना उठलो असतो तर 'वॉर्ड'मधला र्ड फिसकटला असता. दोनच मिनिटं थांबलो. अंबाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ढकललं.

डॉक्टर म्हणाले मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर. दीड महिना.

चप्पल बदल असं मी तिला कधीचं सांगून राहिलो.

संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. बोलली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

यादीत दुरुस्ती केली. पाणी नवव्या नंबरवरून सातव्यावर. वैयक्तिक प्रसंगाचा इतकाच परिणाम होऊ दिला.

२२ मार्च, रविवार

आता पाणी मलाच आणावं लागतं. दोन बादल्या आणि दोर घेऊन सहाला गेलो. तिथं आधीच तीस-पस्तीस बाया. म्हटलं, मी समितीचा सचिव आहे. एकीनं विचारलं, कोणती समिती? मागं उभं केलं.

माझा नंबर येईपर्यंत पावणेनऊ. बादली सोडली, हिसका दिला, गाठ सुटली, बादली दोरासकट खाली. गाठ मी मारली होती हे खरं, पण दोरच निसरडा. सगळ्या हसल्या. एका सचिवाला हसणारा समाज कुठं जाणार?

एक बादली पाणी शेवटी अंबाबाईच्या सुनेनं, प्रमिलानं, आपल्यातून दिलं. तिला सातवा महिना. मी नको म्हणालो, पण फार जोरात नाही.

प्राथमिकतेत बदल नाही. भावनेच्या भरात योजना करत नसतात.

२६ मार्च

पाण्याची व्यवस्था लागली. प्रमिला दोन हंडे आणून ठेवते. आपलं वागणं चांगलं असलं की लोक करतात.

मात्र घरात बायांची वर्दळ फार. नलिनीच्या हाताची चौकशी म्हणे. एक येते, दुसरी येते, तासन्‌तास कुजबुज. आज प्राथमिक शाळेच्या प्रतिभा मॅडम आल्या आणि माझ्या चांगल्या ड्रॉइंग शीटपैकी चार मागून घेतल्या. नलिनी तोंडानं सांगते, मॅडम लिहितात. बिछान्यावर पडून वेळ जात नाही, म्हणून काही आठवणी-बिठवणी लिहून घेत असतील. चार कोरे कागद वाया. आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही.

३० मार्च, सोमवार. गुढीपाडवा

नव्या वर्षाचे संकल्प: सिगरेट बंद. रागावणं बंद. उरलेल्या १९४ घरांचा सर्वे वर्षभरात.

गुढी मीच उभारली. थोडी वाकडी. नलिनीनं एका हातानं सरळ केली.

३ एप्रिल, शुक्रवार. सौसर

यादी आणि नकाशा स्वतः नेऊन दिला. बस खच्चून भरलेली, नकाशाची गुंडाळी डोक्यावर धरून उभा. एका शेतकऱ्यानं विचारलं, कायचं पोस्टर हाय, सर्कस येऊन राहिली काय? गुंडाळी दुसऱ्या बाजूला वळवली.

ऑफिसातला बाबू हिंदीवाला, मध्य प्रदेश सरकारचं ऑफिस ते. यादी वरून वाचली, पहिली तीन कामं वाचून थांबला. म्हणाला, मास्टरजी, पानी किधर है? म्हटलं, सातवें नंबर पर. तो म्हणाला, तीनच्या खालचं साहेब वाचत नाहीत. म्हटलं, म्हणूनच तर पहिली तीन इतकी काळजीपूर्वक निवडली. बाबूनं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला, साहेबांना स्वतःच जागा पाहावी लागेल.

साहेब २२ एप्रिलला येणार! नकाशाचा परिणाम. दोनशे घरांच्या पाणी-पाणीनं जे झालं नसतं ते एका सोनेरी रंगानं केलं.

येताना बसस्टँडवर सिगरेट घेतली. आनंदाच्या प्रसंगाला संकल्प लागू नाही.

११ एप्रिल, शनिवार

निर्णय. साहेबांना कागदावरची कमान दाखवून भागणार नाही. खरी उभी करायची, बांबूची आणि कापडाची. नमुना म्हणून. गणेशोत्सवाच्या मंडळाकडे बांबू पडून आहेत, गोडाऊनमधून सुतळी. अक्षरं मी पुठ्ठ्यावर कापतो.

उंचीचा प्रश्न आला. स्टँडवर एक जीप उभी होती तिची उंची मोजली, वर दीड हात सोडला. प्रमाणबद्ध दिसली पाहिजे. फार उंच कमान म्हणजे उंट.

नलिनीनं पलंगावरून विचारलं, अहो, पाण्याचा टँकर जाईल काय खालून? म्हटलं, कमान साहेबांसाठी आहे, टँकरसाठी नाही. तिनं जवळ बसलेल्या प्रतिभा मॅडमकडे पाहिलं आणि दोघी हसल्या. आजारी माणसाची मनःस्थिती.

१४ एप्रिल

टँकरचं मात्र खरंच पाहावं लागेल. तो दर तिसऱ्या दिवशी येतो. त्या हिशेबानं २२ तारखेला येणार. म्हणजे नेमकं साहेबांच्या समोर शे-सव्वाशे बाया, हंडे, घागरी, आरडाओरडा. पहिली छाप काय पडेल? टँकरवाल्याला पोस्टकार्ड टाकलं, २२ला येऊ नये, २३ला यावं. एक दिवसानं काय फरक पडतो.

१९ एप्रिल, रविवार

टँकर आज आला नाही. नादुरुस्त म्हणे. म्हणजे १६पासून पाणी नाही. विहिरीत आता गाळ येऊन राहिला. अंबाबाई दारात येऊन म्हणाली, मास्तर, पोराबाळांनी काय प्यायचं? प्रमिला भोवळ येऊन बसली आज. म्हटलं, अंबाबाई, तीन दिवस धीर धरा, साहेब येऊन राहिले. ती म्हणाली, साहेब काय घागरीत येतो?

मी आत येऊन अक्षरांना सोनेरी कागद लावला.

आपल्याकडे प्रमिलाचे हंडे दोन दिवसांपासून येणं बंद. केशवरावांकडून एक कळशी आणली. चहा बिनआंघोळीचा.

२१ एप्रिल, मंगळवार

कमान उभी. सुंदर. अतिशय सुंदर. 'टेकडी वॉर्ड आपले स्वागत करतो.' रघुनाथरावांनी लांबून पाहिली, जवळून पाहिली, वडिलांचं नाव कुठं आहे विचारलं. म्हटलं, पक्क्या कमानीवर.

उद्याच्या भाषणाचे तीन कागद तयार. मराठीत सुरुवात, हिंदीत शेवट.

२२ एप्रिल, बुधवार. दुपारी चार

लिहिणं भाग आहे. जसं घडलं तसं लिहितो.

साहेब नऊला येणार होते. नऊला मी, रघुनाथराव आणि केशवराव कमानीखाली हार घेऊन उभे. साडेनऊ झाले. पावणेदहाला खालून घरघर ऐकू आली. मी हार वर केला. टँकर.

पोस्टकार्ड मिळालंच नाही म्हणे ड्रायव्हरला. डाक विभाग.

टँकरचा आवाज ऐकून टेकडीवरून सगळी वस्ती खाली. सहा दिवसांची तहान. हंडे, बादल्या, डबे, एकीच्या हातात तर कढई. मी दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, मागं घ्या, इथून जाणार नाही. तो म्हणाला, जाते की. आणि गेला. अर्धा गेला. टाकीचं झाकण कमानीच्या अर्धगोलात अडकलं, कापड फाटलं, बांबू दोन्हीकडून वाकले. ना पुढं, ना मागं. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, असंच असेल तर मी पाणी घेऊन वापस जातो, मला अजून दोन वस्त्या आहेत.

तेव्हा अंबाबाई पुढं झाली. कमरेला तोडणीची कैची होती तिच्या. मला म्हणाली, बाजूले व्हा मास्तर. मी म्हटलं, अंबाबाई, साहेब येईपर्यंत... तिनं सुतळी कापली. एक खांब, दुसरा खांब. बाकीच्या बायांनी बांबू ओढले. कमान आधी डावीकडे झुकली, मग बसली. माझ्यावर. पुठ्ठ्याचा 'स्वा' खांद्यावर लागला. फार नाही, पण लागला.

मी कापडाखालून बाहेर आलो तेव्हा टँकर निघून वर गेला होता आणि त्याच्या जागी जीप उभी होती.

साहेब तरुण. पस्तिशीही नसेल. पडलेल्या बांबूंकडे पाहून म्हणाले, ये क्या है? मी सांगितलं, सर, कमान. हमारी पहली प्राथमिकता. रस्ता बांबूंनी अडलेला, म्हणून साहेब पायीच वर निघाले. मी मागं, भाषणाचे कागद हातात. रघुनाथराव कुठं गेले कळलं नाही.

वर टँकरला रांग. रांग म्हणजे काय, झोंबाझोंबी. साहेब विहिरीपर्यंत गेले, वाकून आत पाहिलं. मी म्हणत होतो, सर, इकडे बगीच्याची जागा. तेवढ्यात नलिनी आली. गळ्यात अडकवलेला हात, दुसऱ्या हातात गुंडाळी. माझ्या चार ड्रॉइंग शीट. प्रतिभा मॅडम बाजूला. नलिनीनं साहेबांना हिंदीत सांगितलं. तिला इतकं चांगलं हिंदी येतं हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं लग्नाला.

त्या शीटवर दोनशे सात घरं होती. दोनशे नाहीत, दोनशे सात. प्रत्येकात माणसं किती, हंडे किती, विहिरीपासून किती पावलं. कोणत्या घराच्या दारातून नाली वाहते. कोणत्या गल्लीत दिवा नाही. आणि शेवटी एक यादी, जानेवारीपासून विहिरीवर पडलेल्या बायांची. नाव, तारीख, काय मोडलं. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. सात नावं. सातवं: नलिनी मोरेश्वर खोडे, उजवं मनगट.

सात जणी. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांच्या यादीत तीनच कामं होती. बोरिंग आणि हापशी, प्रमिलाच्या गल्लीजवळ. विहिरीला कठडा आणि कोरडा ओटा. नाली. साहेबांनी खाली जीपपर्यंत जाऊन बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मग मला विचारलं, आप कौन? मी म्हटलं, सचिव. नलिनीनं मध्येच म्हटलं, मेरे पति हैं. साहेब म्हणाले, अच्छा.

भाषण राहिलं.

२३ एप्रिल, गुरुवार

शांत डोक्यानं विचार केला. कालचा दिवस म्हणजे एक प्रकारे माझंच यश. कमान नसती तर टँकर अडकला नसता. टँकर अडकला नसता तर साहेब जीपमधूनच पाहून निघून गेले असते. ते पायी चालले, विहिरीपर्यंत गेले, हे केवळ कमानीमुळं. शिवाय ड्रॉइंग शीट माझ्या.

हे नलिनीला सांगितलं. ती खूप वेळ हसली. हसताना हात दुखला तिचा, तरी हसत राहिली. मग म्हणाली, जेवायला बसा.

बांबू मंडळाला वापस केले. तीन कमी भरले. चुलीत गेले असणार.

५ मे, मंगळवार

वॉर्डाची सभा. या वेळी शाळेच्या पटांगणात, कारण गोडाऊनमध्ये माणसं मावेनात. नवीन सचिव निवडायचा विषय होता. तो विषय पत्रिकेवर कसा आला हे मला माहीत नाही. पत्रिका मी काढली नव्हती. अंबाबाई उभी राहिली आणि म्हणाली, नलिनीबाई. बाकीच्यांनी हात वर केले. केशवराव जागे होते, त्यांनीही केला.

मी राजीनामा आधीच मनात दिला होता. कागदावर द्यायचं राहिलं एवढंच.

नलिनीचं प्लास्टर परवा निघालं. बोटं अजून आखडलेली. सचिवपद पेलणार कसं तिला? मार्गदर्शन करायला मी आहेच.

७ मे

तिला मार्गदर्शन केलं. तिनं ऐकून घेतलं आणि पिठाचा डबा खाली काढून द्यायला सांगितलं.

१८ मे, सोमवार

बोरिंगची मशीन आली. सकाळपासून धडधड. पहिल्या जागी दगडच दगड, धूळ निघाली नुसती. मी तिथंच म्हणालो, बघा, सांगितलं होतं, जमिनीत भोक पाडून विकास होत नाही. कोणी ऐकलं नाही. मशीनचा आवाज फार.

दुपारी मशीन वीस पावलं पलीकडे सरकवली. ती जागा केशवरावांनी सांगितली. रेल्वेत असताना त्या बाजूची जमीन ओली असायची म्हणे. अंदाजपंचे.

१९ मे

लागलं. एकशे नव्वद फुटांवर. सुरुवातीला लाल चिखल, मग पांढरं, मग पाणी. बाया ओरडल्या. प्रमिला घरून उठून पाहायला आली, दिवस भरत आले तिचे. अंबाबाईनं तिला खुर्ची आणवली आणि तिच्या पायांवर पहिला तांब्या ओतला. मी लांबून पाहिलं. ऊन फार होतं, डोळ्यांना त्रास झाला.

२९ मे, शुक्रवार

हापशी बसली. सोहळा असा काही नाही. नारळ अंबाबाईनं फोडला. मी भाषणाचे तीन कागद नेले होते, फक्त 'कमान' जिथं होतं तिथं 'हापशी' केलं होतं. उभा राहिलो, घसा साफ केला, तर मागून कोणी म्हणालं, मास्तर, तुम्ही तिथं उभे राहिले तर हंडा कुठं ठेवायचा? सरकलो. मग म्हणाले, तिथंच हाय तर दांडा मारा जरा, नवीन हाय, जड चालते. मारला. एका हंड्याचे दोन झाले, दोनाचे दहा. थांबलो की अंबाबाई म्हणे, चालू द्या जी, अजून लय बाया हायेत. एकूण एकेचाळीस हंडे. पाठ गेली.

घरी आलो तर नलिनी टेबलाशी बसून आजचं प्रोसीडिंग लिहून राहिली होती. डाव्या हातानं कागद दाबून, उजव्यानं सावकाश. म्हटलं, वाचून दाखव, भाषा पाहून देतो. तिनं वाचलं. अंबाबाईचं नाव होतं, केशवरावांचं होतं, प्रतिभा मॅडमचं, मशीनच्या दोन्ही मिस्त्र्यांचं, खुर्ची आणणारीचं सुद्धा. रघुनाथरावांनी संत्र्याच्या चार पेट्या वाटल्या ते होतं. म्हटलं, मी? ती म्हणाली, आहे ना, शेवटी. पाहिलं. 'हापशी मास्तरांनी चालवून पाहिली, ठीक चालते.'

म्हटलं, निदान पूर्ण नाव लिही. मोरेश्वर खोडे, माजी सचिव.

ती म्हणाली, उद्या लिहीन. आता मनगट दुखून राहिलं. आणि घरात पाणी नाही.

मी दोन बादल्या घेऊन गेलो. रांग होती. माझा नंबर तेविसावा लागला. कोणी पुढं घेतलं नाही आणि मीही कोणाला काही म्हटलं नाही.